आतल्या फौजेचा माणूस

तो म्हातारा मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. तेव्हा मला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ही नावड मी स्वतःशीही कबूल केली नव्हती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेत, अल्फारेटात एका शॉपिंग सेंटरमध्ये, नेल सलून आणि इंडियन ग्रोसरी यांच्या मधे आमचं क्लिनिक आहे. दिवसाला दहा-बारा गुडघे आणि खांदे हाताखालून जातात. त्यात आवडनिवड ठेवून चालत नाही.

मार्चचे दिवस होते. पाइनच्या परागांची पिवळी भुकटी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांवर बसली होती. त्याची मुलगी त्याला घेऊन आली. त्याचं वय चौऱ्याहत्तर, उंच, पाठ ताठ, उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून तीन आठवडे झालेले. वॉकर त्याने गाडीतच ठेवायला लावला होता. गुडघा जेमतेम पासष्ट अंश वाकत होता. एवढ्या दिवसांत तो नव्वदच्या आसपास यायला हवा होता. सांधा असाच आखडू दिला तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, हे मी मुलीला सांगितलं. "ते कुणाचं ऐकत नाहीत. तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन गाडीत जाऊन बसली.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. घरच्यांकडून भाषांतर करून घ्यायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून एजन्सीने रशियन बोलणारी दुभाषी पाठवली होती. चाळिशीची, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, हातात छोटी वही. काम सुरू करण्याआधी तिने मला तिचे नियम सांगितले. ती मधे स्वतःचं काही बोलणार नाही. जे बोललं जाईल त्याचं सगळ्याचं भाषांतर होईल, शिव्यांचंसुद्धा. आणि तो 'मी' म्हणाला की तीही 'मी' म्हणणार. मराठीत लिहिताना मला त्याच्या वाक्यात 'गेलो', 'आलो' असं पुरुषी रूप लिहिता येतं. त्या खोलीत मात्र त्याचं प्रत्येक वाक्य मला एका बाईच्या आवाजात, इंग्रजीत ऐकू यायचं.

पहिलंच वाक्य असं आलं: "इथे अमेरिकन कुणी नाही का?"

"मी अमेरिकन नागरिक आहे," मी म्हटलं.

तो हसला आणि काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाली, "मग ठीक आहे, वाकव." आणि नंतर, नियम थोडा मोडून, "दुभाषी म्हणून एक खुलासा करते. रशियनमध्ये तू आणि तुम्ही वेगळं असतं. हे तुम्हाला तू म्हणताहेत."

मी त्याच्याकडून दोन शब्द शिकून घेतले. हे मी सगळ्या पेशंटांबरोबर करते, मग ते तेलुगू असोत, कोरियन असोत की मेक्सिकन. 'दुखतंय' आणि 'पुरे'. भाषांतराला दोन सेकंद लागतात, आणि गुडघ्यावर हात असताना दोन सेकंद फार होतात. 'दुखतंय'ला 'बोल्ना' आणि 'पुरे'ला 'ख्वातित'. 'बोल्ना' तो वापरायचाच नाही. 'ख्वातित' मात्र लगेच वापरायचा, हुकूम सोडल्यासारखा.

आठवड्यातून तीनदा तो यायचा. पालथं झोपवून पोटरी हळूहळू मांडीकडे दाबायची, थांबायचं, मोजायचं, पुन्हा दाबायचं. अशा वेळी लोक बोलतात. बोललं की दुखणं थोडं मागे पडतं. दुसऱ्या आठवड्यात मी सहज विचारलं, "तुम्ही लष्करात होता का?"

"लष्कर नाही," तो म्हणाला. "आतली फौज."

मला समजलं नाही हे त्याला दिसलं असावं. तो शाळेतल्या पोराला समजावल्यासारखा बोलू लागला. लष्कर संरक्षण खात्याचं, ते बाहेरच्यांशी लढतं. यांची फौज गृहखात्याची. रणगाडे, बंदुका, बराकी, सगळं फौजेसारखंच, पण काम देशाच्या आत. तुरुंगांच्या भिंतींवर पहारा, कैद्यांच्या गाड्यांबरोबर प्रवास, कारखान्यांची राखण आणि कुठे लोक बिथरले तर त्यांना जागेवर आणणं. अठराव्या वर्षी सक्तीने भरती झाला आणि तिथेच राहिला, अधिकारी झाला. सोव्हिएत संघ मोडला, नवा देश झाला, टोपीवरचा बिल्ला बदलला. "आम्ही तेच होतो," तो म्हणाला. "बराकही तीच. प्रत्येक देशाला आतल्यांसाठी कुणीतरी लागतंच."

एक गोष्ट त्याने अभिमानाने सांगितली. भरती केलेल्या पोराला त्याच्या स्वतःच्या गावात कधी उभं करायचं नाही. दोन-तीन हजार किलोमीटर लांब पाठवायचं, जिथली भाषा त्याला कळत नाही. समोरची बाई काय ओरडतेय हे कळलं नाही की हात नीट चालतो.

हे मला नवीन नव्हतं, आणि तेच मला खटकलं. माझे बाबा राखीव पोलिसात होते. विदर्भात राखीव पोलिसांच्या वसाहतीत मी वाढले. बाबा महिना-महिना बंदोबस्ताला जायचे, नेहमी दुसऱ्याच जिल्ह्यात. परत आले की आई त्यांचा गणवेश सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि आम्हाला सांगायची, त्यांना झोपू द्या. तिथे काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याची ताठ पाठ, बूट जोडीने भिंतीला लावून ठेवायची सवय, नखं कापलेली, दाढी रोजची. हे सगळं माझ्या घरातलं होतं. तो मला ओळखीचा वाटायचा आणि म्हणूनच जास्त नकोसा वाटायचा.

घरी मी नवऱ्याला एवढंच सांगितलं, कोण पेशंट ते न सांगता, की असं सैन्य असतं. तो आयटीतला, पुण्याचा, आमचे व्हिसापासून सिटिझनशिपपर्यंतचे सगळे फॉर्म त्यानेच भरलेले. तो म्हणाला, "अगं, फॉर्मवर प्रश्न असतो ना, निमलष्करी दलात होतात का म्हणून. आपण डोळे झाकून नो टिक केलं होतं. यार, मला तेव्हा वाटलं होतं, हे कोण विचारतं आणि कशाला."

चौथ्या आठवड्यात गुडघा ब्याऐंशीवर आला. त्या दिवशी त्याने चौकाची गोष्ट सांगितली.

उत्तरेकडचं एक कोळशाच्या खाणीचं गाव. खाणीत स्फोट झाला, माणसं खाली राहिली. कंपनीने आणि सरकारने ठरवलं की खाण बंद करायची, खाली पाणी सोडून आग विझवायची. बायका म्हणाल्या, आधी आमची माणसं वर काढा, जिवंत नसली तर प्रेतं काढा. आणि त्या चौकात बसल्या. सहा दिवस बसल्या. मग याची तुकडी बोलावली.

"बायका पुढे होत्या," दुभाषी म्हणाली. म्हणजे तो म्हणाला. "ते नेहमी बायका पुढे बसवतात. मी भोंग्यावरून दहा मिनिटं दिली. कुणी उठलं नाही. मी गोळी चालवू दिली नाही. एकही नाही. उणे पंधरा होतं. मी पाण्याचा मारा करणाऱ्या गाड्या आणल्या. वीस मिनिटांत चौक रिकामा झाला. मला बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं."

दुभाषीचा आवाज शेवटपर्यंत तसाच होता. फक्त वहीवर टेकलेलं तिचं पेन कागदात रुतून भोक पडलं होतं. ते मी नंतर पाहिलं.

तास संपल्यावर ती पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी थांबली होती. मी पाच मिनिटांची सुट्टी काढून बाहेर गेले.

"तो चौक मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी चौदा वर्षांची होते. माझे वडील खाली होते. आई सहाही दिवस तिथे होती. तिच्या डाव्या पायाची चार बोटं कापावी लागली. भावाला ट्रकमध्ये घालून नेलं, तो तीन आठवड्यांनी परत आला, एका कानाने बहिरा."

मी म्हटलं, "मी एजन्सीला फोन करते. दुसरं कुणीतरी पाठवतील."

"नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही विचारत होतो की हुकूम कुणी दिला. कुणी सांगितलं नाही. हा स्वतःहून सांगतोय. मला ऐकायचंय."

"तुम्ही हे कुणाला सांगू शकता का?"

"नाही. खोलीतलं खोलीतच राहायला हवं, तशी सही केलीय मी. तुम्हीही केली असेल." मग म्हणाली, "तुम्ही त्याला विचारत जा. तुम्ही विचारलं तर तो सांगतो."

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तिला त्या खोलीत पुन्हा बसू देणं चूक होतं हे मला कळत होतं, आणि पेशंटला त्याच्या दुभाषीबद्दल काहीच माहीत नसणं ही त्याहून मोठी चूक होती. पण मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं.

पुढचे तीन आठवडे त्या खोलीत आम्ही तिघं एकमेकांच्या विरोधात बसत होतो, आणि तिघांपैकी एकालाच ते ठाऊक नव्हतं. मी दाबायचे आणि विचारायचे. गावकऱ्यांपैकी कुणाला पकडलं? पोरांना कुठे ठेवलं? तो सांगायचा. त्याला बाई विचारतेय याचं बरं वाटत असावं. मुलीने त्याला असलं काही कधी विचारलं नसणार. पोरांना खाणीच्याच अवजारांच्या गोदामात ठेवलं, तो म्हणाला. थोडं झोडपलं, सोडून दिलं. पाण्याचं काय एवढं, कपडे वाळतात. प्रत्येक वाक्य ती 'मी' म्हणून सांगायची. मी झोडपलं. मी सोडून दिलं. माझा मुलगा जेवताना काही सांगू लागला तरी मला तेच ऐकू यायचं. तो शेवटी म्हणायचा, "Mom, you're not listening." आणि त्याचं बरोबर असायचं.

मी त्याच्याशी बोलताना गोड राहायचे. माझ्या त्या गोडव्याचीही मला चीड यायची.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी गुडघा एकशे दोनवर अडला होता. मी त्याला पालथं घेतलं होतं, एक हात मांडीवर, एक हात घोट्यावर. मी विचारलं, "त्या बायकांना त्यांची माणसं का दिली नाहीत? दोन-चार दिवस थांबता आलं असतं."

तो उशीत तोंड ठेवून बोलला. ती म्हणाली, "खालची माणसं मेलेली होती. मेलेल्यांना कसली घाई?"

मी दाबलं.

रोज दाबते तसंच सुरू केलं, म्हणजे हळू. पण जिथे थांबायचं असतं तिथे मी थांबले नाही. हाताला ते लगेच कळतं. आखडलेला सांधा एका जागी येऊन नको म्हणतो आणि आपण तिथे उभं राहायचं असतं. मी माझं वजन पुढे टाकलं. तो म्हणाला, "बोल्ना." दोन महिन्यांत पहिल्यांदा म्हणाला. मग म्हणाला, "ख्वातित." मी दुभाषीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिचं तोंड बंद होतं. तो पुन्हा म्हणाला, "ख्वातित, ख्वातित," आणि त्याचा हात टेबलाच्या कडेवर आपटला.

तिने भाषांतर केलं नाही. पण मला भाषांतर नकोच होतं. तो शब्द मला येत होता, मीच तो शिकून घेतला होता. तरी मी दाबून धरलं. तीन सेकंद असतील, चार असतील. मग मी सोडलं.

तो बराच वेळ उशीत तोंड घालून पडून राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता. मी बर्फाची पिशवी आणली. त्याला उताणं केलं, गुडघा उंच ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन वाक्यं बोलला. या वेळी दुभाषीने लगेच भाषांतर केलं.

"आम्हीही असंच करायचो. तू आमच्याकडे चांगली चालली असतीस."

त्याने तक्रार केली नाही. मुलगी आली तेव्हा तिला काही सांगितलंही नाही. बूट घातले आणि लंगडत निघून गेला.

मी आत जाऊन माझ्या बॉसला सांगितलं. ती टेक्सासची, पन्नाशीची, शांत बाई. तिने विचारलं, "त्यांनी काही म्हटलंय का?"

"नाही."

"मग झालं काय?"

"ते पुरे म्हणाले आणि मी थांबले नाही. मला कळलं होतं, तरी थांबले नाही."

तिने का विचारलं. मी दुभाषीचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, मला तो माणूस सहन होत नाही. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. त्याच्या रेकॉर्डमध्ये मी जे केलं ते लिहिलं. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गुडघा तपासला. सूज होती, इजा नव्हती. माझ्या फाइलमध्ये ताकीद लागली आणि तो पेशंट माझ्या सहकाऱ्याकडे गेला.

दुभाषीनेही एजन्सीला स्वतःच कळवलं की आपण पेशंटचं बोलणं सांगितलं नाही. तिचं काम बंद झालं. हे तिनेच मला सांगितलं, एकदा बाजूच्या ग्रोसरीबाहेर भेटली तेव्हा. मी तिला म्हटलं की मला वाईट वाटतंय.

"कशाचं?" ती म्हणाली.

"मी जे केलं त्याचं."

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "मला वाटत नाही. जराही नाही. आणि तुला जर वाटत असेल, तर तू ते आमच्यासाठी केलं नाहीस. तुझ्या स्वतःच्या कशासाठी तरी केलंस. मग मला त्यात ओढू नकोस."

"तुम्हीच म्हणालात विचारत जा."

"विचार म्हणाले होते," ती म्हणाली आणि गाडीत बसली. त्यानंतर ती मला भेटली नाही. मला तिचा राग आला होता, आजही थोडा आहे. तिचं म्हणणं मात्र मला खोडून काढता आलेलं नाही.

त्या रविवारी मी बाबांना फोन केला. आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "बाबा, बंदोबस्तात तुम्ही कधी कुणाला मारलंय?"

"काऊन विचारतेस?"

"असंच."

त्यांच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "मारलंय. लाठीमार म्हटला की मारावंच लागते. पण एकदा एक जण पळत होता. पाठ होती त्याची माझ्याकडे. तो चाललाच होता निघून, त्याला मारायचं काही काम नव्हतं. त्याला मारलं मी."

"का?"

"सकाळपासून उन्हात उभे होतो. लोक शिव्या देत होते. तो हाताशी आला." मग म्हणाले, "जोरात मारलं."

"आईला सांगितलं होतं?"

"तिनं विचारलं नाही. तुम्ही पोरांनीही नाही विचारलं कधी."

त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि त्या तक्रारीचाच मला राग आला. आम्ही लहान होतो, आम्ही काय विचारणार होतो. मी म्हटलं, बाबा, ठेवते. नंतर दोन रविवार मी फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनीच केला आणि आम्ही दोघंही आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो.

म्हातारा माझ्या सहकाऱ्याकडे जूनपर्यंत येत राहिला. आता दुभाषी टॅबलेटवरून बोलायची, कुठल्या तरी लांबच्या शहरातून, त्याच्या आधीच्या गोष्टी न ऐकलेली. मी बाजूच्या टेबलावर काम करत असले तर तो मला मान हलवून नमस्कार करायचा, बरोबरीच्या माणसाला करावा तसा. मी दुसरीकडे बघायचे. गुडघा एकशे अठरापर्यंत आला. सहकारी खूश होता.

शेवटच्या दिवशी त्याची मुलगी माझ्याकडे आली. आभार मानायला आली होती. सुरुवातीला तुम्हीच बाबांना शिस्त लावलीत, ती म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुम्ही त्यांना मधेच का सोडलंत? काही बोलले का ते तुम्हाला? रागीट आहेत, मला माहीत आहे. नोकरीच तशी होती. आयुष्यभर अग्निशमन दलात काढलं ना, हुकूम द्यायची सवय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीरपणे सांगत होती. तिला खरंच तसं माहीत होतं, की इथे यायच्या फॉर्मपासून सगळीकडे असंच सांगायचं ठरलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. तिला विचारायची मला मुभा नव्हती. सांगायचीही नव्हती.

"माझं वेळापत्रक बदललं होतं," मी म्हटलं.

तिच्या मागे काचेच्या दारातून तो दिसत होता. पार्किंगच्या तीन पायऱ्या कठडा न धरता, एकेका पायाने, नीट उतरत होता. मी तिला घरी करायच्या व्यायामांचा कागद दिला, रोज दोनदा, दहा-दहा वेळा असं त्यावर पेनने लिहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.